काटकसरीचा खर्च

पुण्यात वायर, स्विच, होल्डर, पंखा, माळा यांतलं काहीही घ्यायचं असलं की माणूस तापकीर गल्ली गाठतो. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. ही गल्ली बुधवार पेठेतली. आणि याच बुधवार पेठेत, एका जुन्या वाड्यात, डॉ. हेमा साने विजेशिवाय राहिल्या. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट, गरवारे महाविद्यालयात वर्षानुवर्षं अध्यापन, नावावर वनस्पती आणि पर्यावरणावरची पुस्तकं, आणि घरात विजेचं कनेक्शन नाही. त्यामुळे पंखा नाही, फ्रिज नाही, टीव्ही नाही. 2019 साली, त्या एकोणऐंशी वर्षांच्या असताना, एका वृत्तसंस्थेनं त्यांची बातमी केली आणि ती देशभर फिरली.

सान्यांचं म्हणणं साधं होतं. अन्न, वस्त्र, निवारा या गरजा. वीज नंतर आली, तिच्याआधीही माणसं राहतच होती, तशी मीही राहते. वाडा विकून टाका, बक्कळ पैसा मिळेल, असं सांगणाऱ्यांना त्या म्हणत, की ही जागा कुत्र्याची, मांजरांची, मुंगसाची आणि पाखरांची आहे, मी आपली राखणीला. लोकांना काय संदेश द्याल, असं विचारलं तर संदेशबिंदेश काही नाही, बुद्धानं सांगितलं तशी ज्यानं त्यानं आपली वाट शोधावी. मला त्यांच्या बोलण्यातलं हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. साधेपणानं राहणाऱ्या पुष्कळ माणसांना इतरांनाही साधं राहायला लावण्याची खोड असते. सान्यांना ती नव्हती.

बातमी वाचून लोकांचे दोन तट पडले. एक हात जोडणारा, दुसरा ‘प्राध्यापकाचा पगार असताना हा अट्टहास कशाला’ म्हणणारा. दोन्ही तटांनी एक साधी चौकशी मात्र केली नाही. वीज जी कामं करते ती त्या घरात कोण करत होतं? विहिरीचं पाणी कोण शेंदत होतं, तिन्हीसांजेला दिवाबत्ती कोण करत होतं? उत्तर असं, की साने एकट्या राहत होत्या, आणि हे सगळं त्या स्वतःच करत होत्या. सोय नाकारली म्हणून तिचं काम संपत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर येऊन पडतं. सान्यांच्या घरी ते त्यांच्याच अंगावर पडलं. देणं त्यांचं, फेडणाऱ्याही त्याच.

बाकीच्यांच्या बाबतीत हे इतकं सरळ नसतं. अत्यंत कमी खर्चात राहण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न घेऊन मी काही जुनी पुस्तकं चाळली, काही घरांत जाऊन बसलो, वर्ध्याला जाऊन आलो. जिथे गेलो तिथे शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलो. काटकसर करणाऱ्याचं नाव होतं आणि तिचा खर्च बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी भरत असतं.

०००

महाराष्ट्रात ठरवून कमी पैशांत राहण्याचा पहिला मोठा, जाहीर प्रयोग पुण्यातच झाला. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सदस्यानं वीस वर्षं द्यायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर भागवायचं, असा दंडक होता. त्या काळी बी. ए., एम. ए. झालेला माणूस सरकारी नोकरीत शिरला तर याच्या कितीतरी पट कमावत असे. गोपाळ गणेश आगरकरांनी तर शिकत असतानाच आईला लिहून कळवलं होतं, की मोठ्या पगाराच्या मुलाची आशा करू नकोस. डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याकडे एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही गोष्ट तर प्रत्येक मराठी शाळेत सांगितली जाते.

आजीव सदस्यांचं पुढे बिनसलं. लोकमान्य टिळकांचा आग्रह होता, की सदस्यानं सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरची मिळकत घेऊ नये; जेझुइट पाद्री राहतात तसं राहावं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की पंचाहत्तर रुपयांत संसार होत नाही, मग फावल्या वेळात पुस्तकं लिहून चार पैसे मिळवले तर बिघडलं काय? 1890 च्या अखेरीस टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. आपण हे भांडण ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या मथळ्याखाली लक्षात ठेवतो. त्यात घरखर्चाचा वाटाही बराच मोठा होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. टिळकांच्या पाठीशी वडिलांनी ठेवलेली काही रक्कम आणि कोकणातली वडिलोपार्जित मिळकत होती. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. पडेल ते काम करत, वार लावून, माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांच्या पिढीतले. अंगात दमा. पगार दोघांना सारखाच होता, पण त्या पगारात दोघं सारखे गरीब नव्हते. त्यागाची पातळी ठरवताना ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचा आवाज नेहमीच खणखणीत निघतो. टिळकांची निष्ठा खोटी होती असं मला म्हणायचं नाही. ती निष्ठा त्यांना परवडत होती, एवढंच.

आगरकर 1895 च्या जूनमध्ये गेले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असं सांगतात, आणि सांगणाऱ्याचा गळा इथे हमखास दाटून येतो. मला ही गोष्ट ऐकताना पुढच्या महिन्याची काळजी लागते. वाणसामान, दूध, मुलांच्या फिया. त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी ते कसं निभावलं, हे त्या पुडीच्या गोष्टीत कुठेही येत नाही.

टिळकांनी सोडलेली गणिताची जागा 1891 मध्ये धोंडो केशव कर्व्यांना मिळाली. काटकसर म्हणजे काय हे त्यांना पुण्यात येऊन शिकायचं नव्हतं. मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेलेला आणि तिथे ‘फारच लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा तो. पुढे हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला तेव्हा कॉलेजातलं शिकवणं आटोपून संध्याकाळी चालत हिंगणे गाठायचं, हा त्यांचा क्रमच होऊन गेला. स्वतःच्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. आता विम्याची पॉलिसी ही नवऱ्याची मालमत्ता कागदावर असते, एरवी ती बायकोचीच असते. आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात संसाराची बाजू काही हातचं न राखता मांडली आहे. ते 1944 मध्ये प्रसिद्ध झालं. नवरा थोर आहे हे त्यांना मान्यच होतं, त्या स्वतः आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. पण थोरपणाच्या घरात चूल कशी पेटते, हे कर्व्यांच्या आत्मवृत्तापेक्षा बायांच्या पुस्तकातून जास्त कळतं.

तरीही या हिशेबात जमेची बाजू भक्कम आहे. 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. कर्वे एकशेचार वर्षं जगले, भारतरत्न झाले. त्या पंचाहत्तर रुपयांतून महाराष्ट्राला जे मिळालं त्याची किंमत होणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की पावतीवर दोन नावं हवीत.

हीच कथा मराठीत वेगवेगळ्या घरांत पुन्हा घडलेली दिसते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून बघा. नारायण वामन टिळक घरातलं असेल नसेल ते देऊन टाकतात आणि लक्ष्मीबाई हसत, चिडत, पुन्हा हसत संसार नव्यानं मांडतात. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. त्या मासिकानं त्यांना कधी पैसा दिला नाही, आणि घराला आधार होता तो पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा. गाडगेबाबांनी 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा झगा, हातात खराटा आणि गाडगं, भाकरीही त्याच गाडग्यात. लाखो रुपये जमवून त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि एकाही धर्मशाळेवर स्वतःचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. या पैशाला बाबांनी आपल्या कुटुंबाचाही हात लागू दिला नाही, हे आपण कौतुकानं सांगतो. त्यांच्या पत्नी कुंताबाईंना कुणी विचारलं होतं का, हे नाही सांगत.

हेमलकशाचं उदाहरण मात्र वेगळं आहे. 1973 मध्ये डॉ. प्रकाश आमटे भामरागडच्या जंगलात गेले. माडिया माणसांच्या अंगावर कपडे नाहीत हे बघून त्यांनी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर राहायला सुरुवात केली. पण त्यांच्या पत्नी मंदाताईही डॉक्टर होत्या, त्यांनी जे बघितलं ते स्वतः बघितलं आणि जे सोडलं ते स्वतः सोडलं. तिथे गैरसोय वाटून घेतलेली दिसते.

०००

सेवाग्रामला जायला वर्ध्याहून रिक्षा मिळते. उन्हाळ्यात जाऊ नका, असं मला तीन जणांनी सांगितलं आणि मी उन्हाळ्यातच गेलो, कारण त्या कुडाच्या घरांची परीक्षा तेव्हाच होते. गांधीजी 1936 मध्ये इथे राहायला आले तेव्हा त्यांची अट होती, की झोपडीला शंभर रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ नये आणि सामान आसपासच्या गावांतलंच वापरावं. माती, बांबू, कवेलू. भर दुपारी आत शिरलो तेव्हा बाहेरचा भगभगाट दारातच राहिला. जमीन सारवलेली, बसायला चटई, मागे टेकायला फळी. भिंतीवर मीराबेननं मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा. वस्तू इतक्या कमी, की प्रत्येक वस्तू नीट बघितली जाते. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये वातानुकूलन यंत्र लावून आपण जो गारवा विकत घेतो, तो इथे भिंतीच्या जाडीत आणि छपराच्या उतारात आहे. कमी खर्चाचं घर म्हणजे वाईट घर, ही समजूत इथे दहा मिनिटांत जाते.

आश्रमातच दोन वस्तू ठेवल्या आहेत, त्यांच्यापाशी मी जास्त वेळ थांबलो. एक म्हणजे साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. दुसरी टेलिफोन. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलायचं असलं तर सोय हवी म्हणून हा फोन या खेड्यात आला. शंभर रुपयांची झोपडी आणि तिला दिल्लीची तार! सरोजिनी नायडूंचा एक टोला प्रसिद्धच आहे, की बापूंना गरिबीत ठेवायला फार पैसा लागतो. लोक तो गांधीजींची फजिती म्हणून सांगतात. मला त्यात फजिती दिसत नाही. जमीन जमनालाल बजाजांची, देखरेख शिष्यांची, आणि हे सगळं गांधीजींनी कधी लपवलेलं नव्हतं. ज्यांनी तो खर्च उचलला त्यांनी तो हौसेनं उचलला. अपवाद एक. कस्तुरबांच्या वाट्याला आलेल्या आश्रमी आयुष्यात त्यांची हौस किती होती, हे बापूंच्या स्वतःच्याच लिखाणावरून ताडता येतं.

वर्धा परिसरातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट मात्र विनोबांची आहे. 1935 च्या सप्टेंबरात, नालवाडीला, त्यांनी एक प्रयोग मांडला. दिवसाचे आठ-नऊ तास सूत कातायचं आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यातच जेवायचं. त्या वेळी दिवसभराच्या कताईचे दोन-अडीच आणे होत. विनोबांचा हात कुशल होता, वेळ पूर्ण दिलेला होता, व्यसन नव्हतं, संसार नव्हता. तरीही त्या पैशांत एका माणसाचं नीट भागेना. त्याच सुमारास गांधीजींनी चरखा संघापुढे हट्ट धरला, की कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. मजुरी वाढली, खादी महागली, खादीवाल्यांची कुरकुरही झाली.

इथे काटकसरीनं एक काम केलं, जे तिच्याकडून क्वचितच होतं. दुसऱ्याची गरिबी किती पैशांची आहे, हे तिनं स्वतःच्या पोटावर मोजून दाखवलं. विनोबांनी कातणाऱ्या बाईला ‘बघ, मी भागवतो, तूही भागव’ असं सांगितलं नाही. यात भागत नाही, असं सांगितलं.

आणि शरीरानं त्याची किंमत घेतलीच. 1938 मध्ये विनोबांचं वजन 88 पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. मग गांधीजींच्या सांगण्यावरून ते पवनारला, धाम नदीकाठी, जमनालालजींच्या बंगल्यात विश्रांतीला गेले. सगळी कामं आणि चिंता बाजूला ठेवून राहिले तेव्हा वजन पुन्हा भरून आलं. कातणाऱ्या बाईला मात्र नदीकाठी कुणाचा बंगला नव्हता.

०००

मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष पाळ्यांनुसार झोपत. एकाची पाळी संपली की तो दुसऱ्यानं सोडलेल्या जागेवर आडवा व्हायचा. प्रत्येकाची मालमत्ता एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या पगारातून पहिली वजावट गावच्या मनीऑर्डरची. आजच्या कुठल्याही साधेपणाच्या पुरस्कर्त्याला लाजवेल इतक्या कमी वस्तूंत ही माणसं तीस-तीस वर्षं राहिली. त्यांच्या राहणीला कुणी तत्त्वज्ञान म्हटलं नाही. निवड आणि नाइलाज बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात, फरक डोक्यात असतो.

हा फरक मोजायचाही प्रयत्न झाला आहे. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी कडकीत असतो आणि तोडणीनंतर सुस्थितीत. त्याच माणसांना दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या, तर तोडणीआधी त्यांचे निकाल कमी आले. निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांत वाद झाले, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा. सोसायटीचा हप्ता, पोरीची फी आणि पंपाचं बिल एकदम डोक्यात असताना चौथी गोष्ट सुचत नाही, हे तो सांगेल. सान्यांच्या घरात वीज नव्हती पण डोक्यात हप्ता नव्हता. म्हणून पुस्तकं लिहून झाली.

०००

बाणेरच्या एका जोडप्याकडे मी दोन-तीनदा गेलो. दोघंही आयटीत, वय चाळिशीच्या आत, एक मुलगी. नाव छापू नका म्हणाले. त्यांना पंचेचाळिशीला नोकरी सोडायची आहे, आणि त्यासाठी ते इतक्या कमी पैशांत राहतात की शेजाऱ्यांना त्यांची नोकरी गेली असावी असं वाटतं. गाडी नाही, एक जुनी दुचाकी आणि पीएमपीची बस. हॉटेल बंद. मुलीचा वाढदिवस घरच्या शिऱ्यावर.

“सर, हे बघा,” नवऱ्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एक्सेलची शीट. लवकर निवृत्त होऊ पाहणाऱ्यांच्या या पंथाचं मूळ गणित विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराच्या 1994 च्या लेखातलं आहे. जमवलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर ती तीस वर्षं पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम हवी. “महिन्याचे दहा हजार कमी केले, की तीस लाखांनी टार्गेट खाली येतं. शिवाय ते दहा हजार एसआयपीत जातात. दुहेरी फायदा.” गणित बरोबर आहे. महागाई वजा जाता पाच टक्के परतावा धरला, तर पगाराचा निम्मा भाग वाचवणाऱ्याला सतराएक वर्षं लागतात, पाऊण भाग वाचवणाऱ्याला सातएक. बेंगेननं हिशेब अमेरिकेच्या बाजारावर केला होता, आपल्याकडची महागाई आणि इस्पितळांची बिलं त्यात नाहीत, हेही त्या गृहस्थांना ठाऊक होतं.

मग बायको चहा घेऊन आली आणि शीटकडे बघत म्हणाली, “भांड्याच्या ताई बंद केल्या तेव्हा इथे साडेतीन हजार वाचले असं आलं. भांडी काय आपोआप घासली जातात? मी म्हटलं, माझा रोजचा दीड तास लिही. तर म्हणतो, त्याला कॉलम नाही.”

तो ओशाळून हसला. शनिवार-रविवार भांडी तो घासतो, हे तिनंच पुढे सांगितलं. आणि त्या ताईंचे साडेतीन हजार? तो कॉलम दोघांच्याही शीटमध्ये नव्हता.

या मंडळींचा आवडता पूर्वज म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. 1845 मध्ये वॉल्डन तळ्याकाठी त्यानं स्वतःच्या हातानं खोली बांधली. खर्च अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट, पै न् पैचा हिशेब पुस्तकात दिलेला. त्याचे कपडे घरी धुतले जात, अधूनमधून जेवायला तो आईकडे जाई, याचा खर्च त्या हिशेबात धरलेला नाही. जाता जाता एक शंका. ज्या कंपन्यांच्या शेअरवर ही लवकर निवृत्तीची पुंजी वाढते, त्या कंपन्या इतरांनी हॉटेलात जावं, गाडी घ्यावी, दर दोन वर्षांनी फोन बदलावा यावर चालतात. सगळ्यांनीच बाणेरच्या त्या घरासारखं राहायचं ठरवलं, तर शीटमधला परतावा कुठून येणार?

तरी त्यांना मी वेड्यात काढणार नाही. नोकरी नकोशी झाली तर उद्या राजीनामा देता येईल, एवढी मोकळीक त्यांनी आत्ताच मिळवली आहे. साहेबापुढे मान तुकवावी लागत नाही, ही चैन मला परदेशी सहलीपेक्षा मोठी वाटते. आगरकरांनीही त्या पंचाहत्तर रुपयांत हीच चैन केली होती.

०००

माझी एक मावशी सदाशिव पेठेत राहायची. निवृत्त शिक्षिका, पेन्शन बरी. तिच्या घरात काही म्हणता काही वाया जात नसे. दुधाची पिशवी कोपरा न तोडता नुसती चिरायची, धुऊन दोरीवर चिमट्यात लावायची, किलोभर साठल्या की भंगारवाल्याला. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीनं उभी कापून आणखी चार दिवस. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर वाणसामानाची यादी. डाळ आधी भिजवलेली, भात निम्मा शिजला की गॅस बंद आणि वर घट्ट झाकण. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू. साडीची आधी गोधडी, गोधडीचं पायपुसणं, त्याचं शेवटी पोतेरं. यातलं काहीही ती त्रासानं करत नव्हती. हातातलं कसब होतं ते, आणि तिला त्याचा रास्त अभिमान होता. अशा घरात लहानपणी राहिलेल्या माणसाला वस्तूची किंमत जन्मभर कळते. पर्यावरणाच्या नावानं आज शिबिरं भरवून जे शिकवतात, ते तिच्या ओट्यावर रोज फुकट चालायचं.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनं तीन वर्षं पुढे ढकललं. “डोळ्यांना काय धाड भरली आहे? दिसतंय की अजून,” हे तिचं ठरलेलं उत्तर. आणि रात्री ती पॅसेजमधला दिवा बंद करायची. एका रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. पुढचं वर्षभर तिच्या मुलीनं रजा काढून, मग बिनपगारी रजा काढून, मग नोकरी सोडून ते निस्तरलं. पाच वॉटचा दिवा रोज दहा तास जळला, तर महिन्याला दीड युनिट वीज लागते. तिची किंमत चहाच्या एका कपाच्या आतबाहेर.

तेव्हापासून काटकसरीबद्दल माझं मत पक्कं झालं आहे, आणि या लेखासाठी फिरताना ते बदलावं असं काही मला भेटलं नाही. वस्तू कमी असणं चांगलं. गाडी, एसी, नवा फोन, हॉटेल, सहल यांच्यावाचून कुणाचं फारसं अडत नाही, उलट त्यांच्या बदल्यात वेळ आणि ताठ मान मिळत असेल तर सौदा फायद्याचा आहे. शरीराच्या बाबतीत मात्र काटकसर म्हणजे निव्वळ उधारी, आणि ती वसूल होताना बहुधा घरातल्या एखाद्या बाईकडून होते. दुसऱ्याच्या श्रमांवर किंवा दुसऱ्याच्या संमतीवाचून केलेला त्याग तर मी त्याग मानतच नाही, करणारा कितीही मोठा असो.

तेव्हा दोन विनंत्या. नव्या वर्षापासून साधं राहायचं असं कुणी ठरवत असेल, तर आधी आठवडाभर भांडी, धुणं, पाणी भरणं आणि बाजार स्वतः करून बघा. जमलं तरच घरच्यांपुढे ठराव मांडा. आणि दिवाळीला आईवडिलांकडे, मावशी-आत्याकडे जाल तेव्हा ‘काय हवंय’ म्हणून विचारू नका. काही नको, असंच म्हणतील. त्यांचा चष्मा शेवटचा कधी बदलला, दात कधी दाखवले, ऐकू येतं का, हे आपणच बघा, आणि न्हाणीघरात धरायला एक दांडी आणि वाटेत रात्रभर जळणारा दिवा बसवूनच परत या.